कोंबडीच्या मानेइतका चुना

चुनेकाकांना जगात एकाच गोष्टीचा मनापासून राग होता, आणि ती म्हणजे चुनेकाका हे नाव. "पेंटर म्हणा," असं ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच बजावून ठेवायचे. नवा माणूस मान डोलवायचा, दोन-चार दिवस पेंटरकाका पेंटरकाका करायचा, आणि मग गल्लीतल्या कुणाकडून तरी खरी हकीकत कळली की तोही चुनेकाकांवर यायचा.

खरी हकीकत अशी. रंगकामाला दोन तऱ्हेची माणसं लागतात. पहिला माणूस जुना रंग खरवडतो, भेगा बुजवतो, शिडीवर उभा राहून छताची धूळ खातो आणि भिंतीला चुन्याचा हात मारून ती पांढरीशुभ्र करून ठेवतो. मग दुसरा माणूस येतो, धुतलेल्या कपड्यांत. तो डबा उघडतो, वास घेतो आणि शेवटचा हात मारतो. घरमालक चहा आणतो तो या दुसऱ्यासाठी, आणि "वा!" म्हणतो तेही याच्याकडेच बघून. चुनेकाका जन्मभर पहिला माणूस होते. दुसरा माणूस होता मिस्त्री.

मिस्त्री काटकुळा आणि चिडका होता, पण हात असा की त्यानं दाराला ऑइलपेंट मारला तर त्यावरून माशी घसरून पडावी. कौतुक हा प्रकार त्याच्या तोंडाला ठाऊक नव्हता. दुसऱ्याचं काम बघून तो "हं" म्हणायचा. काम फारच वाईट असलं तर "हं, हं". तरुणपणी काकांनी एकदाच त्याच्याकडे ऑइलपेंटचा ब्रश मागितला होता. मिस्त्री म्हणाला, "तुझा हात जड आहे रे बाबा. तुला चुनाच शोभतो." बोलणारा बोलून विसरला. ऐकणारा मात्र ते वाक्य दातात अडकलेल्या कणासारखं जिभेनं चाळवत म्हातारा झाला.

पुढे काकांचे गुडघे बोलायला लागले, शिडी झेपेना, आणि त्यांनी काम सोडलं. घरी बसले. आता घरी बसलेला रंगारी कुठे बघणार? भिंतीकडेच.

घर दोन खोल्यांचं. पुढे रस्ता, मागे परसदार. परसदारी धुण्याचा दगड, कपड्यांची दोरी, एक लिंबाचं झाड, कुठल्याशा पाडलेल्या घराच्या दारातून काकांनी ठोकलेलं खुराडं आणि त्यात काकूंच्या कोंबड्या. सगळ्यांत थोरली करडी कोंबडी मावशी, कारण ती कुणाच्याही भांड्यात बेधडक तोंड घालायची. कोंबडा हवालदार, कारण तो दिवसभर गस्त घालायचा आणि त्याचा उपयोग काही नव्हता. बाकीच्या सगळ्या नुसत्याच "ए पोरींनो". काकूंची अंडी गल्लीत नावाजलेली होती. कोपऱ्यावरचा बेकरीवाला तर म्हणायचा, "काकू, तुमचं अंडं फोडायचं म्हणजे दार ठोठावल्यासारखं वाटतं."

आणि या सगळ्याच्या मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ती भिंत. कामावरून उरलेला चुना काका वर्षानुवर्षं तिला मारत आले होते. चुना सुकला की कोंबड्या भिंतीला तोंड लावून ओळीनं उभ्या राहायच्या आणि टकटक, टकटक सुरू. थोड्याच दिवसांत भिंतीचा खालचा भाग देवी आलेल्या माणसासारखा दिसायला लागायचा.

"चुना खातात भवान्या!" काका ओरडायचे.

"चुना कोण खाईल? मुंग्या वेचतात बिचाऱ्या," काकू म्हणायच्या. "तुम्हाला सगळीकडे चुनाच दिसतो."

या विषयावर घरात पुष्कळ वर्षं बोलणं झालं होतं आणि प्रत्येक वेळी काकू जिंकल्या होत्या.

म्हणून काम सोडल्यावर काकांनी पहिली गोष्ट केली ती ही. त्यांनी ती सगळी भिंत विटेपर्यंत खरवडली. नवं प्लास्टर केलं. बारीक खळग्यांत लांबी भरली, काचकागदानं घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. मग आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं ऑइलपेंटचा डबा उघडला आणि मिस्त्रीसारखाच नाक लावून वास घेतला. रंग मोरपंखी. एक हात, घासणं, दुसरा हात, घासणं, आणि मग शेवटचा हात. तो मारताना काकांनी श्वास इतका रोखून धरला की काकू मधूनच येऊन, "अहो, आहात ना?" असं विचारून जात.

भिंत सुकली तेव्हा काकूंना तिच्यात आपला अंबाडा दिसला.

"परसात आरसा कशाला लावलात?"

काका कोंबड्यांकडे बघून म्हणाले, "आता खा म्हणावं!"

गल्ली येऊन बघून गेली. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण काकांना हवी होती ती एकच मान, आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला होती. काकांनी मिस्त्रीला फोन लावला.

"ऑइलपेंट?" मिस्त्री म्हणाला. "तू?" मग बराच वेळ पलीकडून हसण्याचा आणि त्यातून खोकल्याचा आवाज येत राहिला. शेवटी म्हणाला, "येतो बघायला. हसायलाही काहीतरी लागतं या वयात."

त्या दिवसापासून काका मिस्त्रीच्या वाटेकडे डोळे लावून बसले. रोज सकाळी ओल्या फडक्यानं भिंतीचं तोंड पुसायचं, दुपारी कडेनं उभं राहून तिरप्या उन्हात बघायचं. मिस्त्रीचं मात्र आज गुडघा, उद्या पाहुणे, परवा पुन्हा गुडघा.

आणि याच मुदतीत एका सकाळी काकूंनी खुराड्यात हात घातला आणि किंचाळल्या.

"अहो! इकडे या! मावशीनं काय घातलंय बघा!"

काकूंच्या तळहातावर अंडंच होतं, पण टरफल नसलेलं. पाणी भरलेल्या फुग्यासारखं ते इकडून तिकडे डुलत होतं. काकूंनी बोट लावलं तर आत गेलं आणि बोट काढलं तर बाहेर आलं.

"अगं, अंडंच आहे," काका म्हणाले. "कपडे घालायचं विसरलं."

"चेष्टा नको. आजारी आहे ती."

मावशी आजारी बिजारी काही दिसत नव्हती. ती काकूंच्या पायाशी उभी राहून, आपण काहीतरी मोठं केलंय अशा थाटात कॉक् कॉक् करत होती. पण दुसऱ्या दिवशी पोरींपैकी एकीनं तसंच घातलं, मग दुसरीनं. काहींना टरफल होतं, तर ते कागदासारखं, उचलताना अंगठा आत. घरट्यातलं गवत उचलायला जावं तर त्याला पिवळा बलक लोंबायचा.

काकू गल्लीत हे कुणाला कळू द्यायला तयार नव्हत्या. त्यातल्या त्यात बरी अंडी निवडून त्या बेकरीत घेऊन गेल्या. बेकरीवाल्याची अंडी फोडायची एक ऐट होती. गिऱ्हाईक समोर असलं की तो भांड्याच्या काठावर एका हातानं टक् करून अंडं फोडायचा आणि बघायचासुद्धा नाही. त्यानं तसंच केलं. टक् झालंच नाही. अंडं काठावर मधोमध वाकलं, दोन्ही बाजूंना लोंबलं आणि घरंगळून त्याच्या चपलेवर बसलं.

"काकू," तो हळूच म्हणाला, "हे फुटत नाही."

"मग कात्रीनं काप," काकू म्हणाल्या आणि मान वळवून तरातरा घरी आल्या. घरी येऊन मात्र त्या धुण्याच्या दगडावर बसून राहिल्या, आणि काकूंना नुसतं बसलेलं काकांनी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी काका भिंत पुसायला गेले. मावशी भिंतीसमोर उभी होती. तिनं मान मागे घेतली, नेम धरला आणि चोच मारली. चोच ऑइलपेंटवरून सर्रकन घसरली आणि मावशीचं तोंड जमिनीला लागलं. तिनं पुन्हा नेम धरला. पुन्हा सर्रकन. मग ती भिंतीला गाल लावून, एका डोळ्यानं वर बघत उभी राहिली, बंद दुकानापुढे पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईसारखी.

काकांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. टरफल कशाचं असतं? पांढरं, कडक, खरखरीत. जन्मभर ज्यात हात घातले तेच. या भवान्या इतकी वर्षं भिंत खाऊन अंड्यांना चुना मारत होत्या, आणि आपण त्यांचं दुकान बंद केलं.

हे काकूंना सांगायचं तर पुढचं वाक्य ठरलेलं: "मग काढा तो रंग." आणि मिस्त्री अजून आला नव्हता.

काकांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि फडकं झटकून भिंत पुसायला घेतली.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, "कशानं झालं असेल हो?"

"आवाजानं," काका म्हणाले. आपण एवढ्या झटकन कसं काय बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "शेजारी ती पिपाणी वाजते ना दिवसभर. कोंबडी दचकते. दचकली की अंडं घाईत बाहेर. कवच बसायला वेळच मिळत नाही."

शेजारी बँडमध्ये पिपाणी वाजवणारा एक साधा गृहस्थ राहायचा. काकू तडक त्याच्या दारात.

"भाऊ, तुमच्या पिपाणीनं माझ्या कोंबड्यांची अंडी नागडी पडतात."

पिपाणीवाला बिचारा हबकला. त्याच्या वाजवण्याबद्दल लोकांनी पुष्कळ तक्रारी केल्या होत्या, पण इतकं गंभीर कुणी सांगितलं नव्हतं. "वहिनी, मला कल्पना नव्हती," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पिपाणीचं तोंड उशीत खुपसून वाजवायला लागला. आता पलीकडून म्हैस विहिरीत पडल्यासारखा आवाज यायला लागला. हवालदार तो आवाज ऐकून कुंपणावर चढायचा आणि मान वाकडी करून ऐकत राहायचा. अंडी मऊच.

मग काकांनी उन्हावर ढकललं. काकूंनी खुराड्यावर ओलं गोणपाट टाकलं. मग काकांनी हवालदारावर ढकललं. हा आळ मात्र अगदीच वाया गेला नाही, कारण हवालदाराला नव्या भिंतीत एक मोरपंखी कोंबडा सापडला होता. दिवसभर हवालदार त्याच्यावर धावून जायचा, तोही धावून यायचा, चोचीला चोच आपटायची, आणि दोघंही एकदमच मागे सरून विचार करायचे. हवालदाराचं वजन उतरलं.

"भिंतीवर चादर टाकते," काकू म्हणाल्या. "म्हणजे तो दुसरा दिसायचा नाही."

"चादर नको!" काका ओरडले. "चादरीनं चकाकी जाते."

"चकाकीचं लोणचं घालायचंय का? बाई माझ्या, कोंबडी मरायला टेकलीय आणि यांची चकाकी."

शेवटी काकूंनी गुरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई तरुण होत्या, घाईत होत्या, पण कोंबडी हातात धरायची त्यांची पद्धत बघून मावशीनंसुद्धा ओरडायचं सोडून दिलं. त्यांनी एक मऊ अंडं बघितलं, दुसरं बघितलं.

"चुना कमी पडतोय यांना."

काकांनी लिंबाच्या झाडाकडे बघायला सुरुवात केली.

"साधं आहे," बाई म्हणाल्या. "अंड्यांची टरफलं कुटून खायला घाला."

"टरफलं असती," काकू म्हणाल्या, "तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

बाईंनी जरा विचार केला आणि त्यांना ते पटलं. "मग शिंपल्यांचा चुरा मिळतो दुकानात, तो ठेवा. आणि काय हो, आजवर चांगली टरफलं होती म्हणता. तेव्हा काही चुन्याचं खायच्या का कुठे? अचानक बंद झालं असं काही?"

"छे हो," काकू म्हणाल्या. "दाणे, भाजीचे देठ, उरलंसुरलं. आणि भिंतीवरच्या मुंग्या."

"मुंग्यांत चुना नसतो," बाई म्हणाल्या.

दोघींनी काकांकडे बघितलं. आयुष्यभर ज्या वादात काका हरले होते, तो जिंकायची वेळ आयती दाराशी चालून आली होती.

"मुंग्याच खायच्या," काका म्हणाले. "भरपूर मुंग्या."

शिंपल्यांचा चुरा आला. काकूंनी तो पसरट ताटलीत घालून परसात ठेवला. कोंबड्या जमल्या, त्यांनी ताटलीभोवती एक फेरी मारली, मावशी आत शिरून बसली आणि पिसं फुलवून तिनं त्या चुऱ्यात यथेच्छ अंघोळ केली. मग सगळ्यांनी पाळीपाळीनं केली. काकूंनी तो दाण्यात मिसळला, तर पोरींनी दाणा न् दाणा वेचून चुरा तसाच ठेवला. भातात मिसळला, तर भात खाऊन चुरा ठेवला. त्यांच्या लेखी चुना ही भिंतीला लागलेली गोष्ट होती, ती ताटलीत कशी असेल? काकूंच्या हातून घास घेणारी मावशीसुद्धा चुरा पुढे केला की पाहुणीसारखी मान फिरवायची. आणि पुन्हा जाऊन भिंतीला चोच मारायची. सर्रकन.

काका हे सगळं खिडकीतून बघत असत. मिस्त्रीचा निरोप आला होता, या आठवड्यात नक्की येतो. एवढा आठवडा गेला की आपणच खरवडू, असं काकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. एवढा एकच आठवडा. मिस्त्रीनं बघू दे, काय म्हणायचं ते म्हणू दे, मग भिंत गेली तरी चालेल. कोंबड्यांना काय, मऊ तर मऊ, अंडी तर येतायत.

पण एका सकाळी मावशी खुराड्यातून बाहेरच आली नाही. कोपऱ्यात अंग चोरून, शेपटी खाली पाडून, डोळे अर्धे मिटून उभी होती. मधूनच जोर करायची आणि पुन्हा तशीच. काकूंनी पोटाखाली हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अंडं अडकलंय. मऊ आहे ना, पुढे सरकत नाही."

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या दुसऱ्या गावी एका गाईच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. म्हणाल्या, "कोमट पाण्यात बसवा तिला, मागच्या बाजूला तेल लावा, घाई करू नका, मी निघतेच." काकूंनी परातीत कोमट पाणी घेतलं आणि मावशीला त्यात बसवून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. एरवी पाण्याचा थेंब उडाला तरी घर डोक्यावर घेणारी मावशी परातीत गप्प बसली होती. हेच काकांना सहन होईना.

"पाणी गार झालं की सांग," ते म्हणाले. "दुसरं तापवतो." मग तिथंच घुटमळले. "अगं."

"काय?"

"त्या चुनाच खात होत्या."

"कोण?"

"या. भिंतीचा. मुंग्या नव्हत्या."

काकूंनी मावशीला धरलेले हात सोडले नाहीत, म्हणून काका वाचले.

"तुम्हाला कधीपासून माहिती?"

"खायच्या ते तर पहिल्यापासूनच... मी ओरडून सांगायचो की तुला..."

"ते नाही. हे यानं झालं, हे कधी कळलं?"

काका परातीकडे बघून बोलले, "तू बेकरीतून आलीस ना. त्या दिवशी."

"आणि ती पिपाणी? तो बिचारा उशीत तोंड घालून वाजवतोय!"

"तसाही तो फार बरा वाजवत नाही."

"ऊन? गोणपाट? आणि त्या डॉक्टरीणबाईंसमोर, मुंग्याच खायच्या, भरपूर मुंग्या!" काकूंचा आवाज चढत चालला तशी मावशी परातीत एकेक डोळा उघडून दोघांकडे बघायला लागली. "जन्मभर लोकांच्या भिंतींना चुना लावलात, आता मला लावताय होय? कशासाठी? त्या काटकुळ्यानं येऊन हं म्हणावं म्हणून?"

काकांनी मान हलवली. हं म्हणू नये म्हणून, असं त्यांना सांगायचं होतं, पण त्यात फरक काय ते काकूंना समजावण्याइतकी जागा त्या क्षणी परसात नव्हती. ते आत गेले आणि खरवडायचा पत्रा घेऊन आले. भिंतीच्या बुडाशी त्यांनी जुनी चादर अंथरली, म्हणजे रंगाचे तुकडे कोंबड्यांच्या पोटात जायचे नाहीत. मग गुडघे टेकून बसले आणि मोरपंखी रंगावर पत्रा ठेवला.

ठेवला आणि तसेच बसून राहिले.

"पाणी गार झालं," मागून काकू म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटून पहिला ओरखडा काढला.

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी चोचीत कसलंसं औषध घातलं, पोट हलक्या हातानं चोळलं, आणि उन्हं कलायच्या आत परातीत पचकन आवाज झाला. मावशी उठली, अंग झाडलं, तिघांनाही भिजवलं आणि डॉक्टरीणबाईंच्या पिशवीत तोंड घालून आत काय आहे ते बघायला लागली.

"अहो, पण सगळी भिंत कशाला खरवडताय?" जाता जाता बाई काकांना म्हणाल्या. "कोंबडीची मान पोचते तेवढीच पुरे."

काकांनी असं वर बघितलं की जणू बाईंनी त्यांचाच जीव वाचवला होता.

मग मान कुठवर पोचते यावर वाद झाला. काकू म्हणाल्या कमरेपर्यंत, काका म्हणाले गुडघ्यापर्यंत. शेवटी ठरलं की कोंबड्यांनाच विचारायचं. हवालदार सगळ्यांत उंच म्हणून काकांनी त्याला भिंतीशी धरलं आणि काकू वरून दाणा दाखवायला लागल्या.

"वर बघ रे. अजून वर. मान ताण मेल्या!"

"अगं, तू हात किती वर नेतेस? उड्या मारायला लावतेस त्याला."

"भूक लागल्यावर उड्या मारणार नाही का तो?"

"उडी धरायची नाही. पाय जमिनीवर पाहिजेत!"

हवालदाराला दाण्यापेक्षा समोरचा मोरपंखी शत्रू महत्त्वाचा होता. तो दर वेळी मान वर करायच्या ऐवजी सरळ पुढे मारायचा. मग त्याचे डोळे काकूंनी हातानं झाकले. मग दाणा दिसेना. पिपाणीवाला कुंपणावरून हे सगळं बघत होता. काकूंनी त्याला उशीतून मोकळं केलं होतं. तो म्हणाला, "वहिनी, मी वाजवू का? पिपाणी ऐकली की मान ताणतो तो." त्यानं वाजवली, हवालदारानं मान ताणली, काकांनी पेन्सिलनं खूण केली. खुणेच्या वर वीतभर जागा काकूंनी भांडून मिळवली. रंगात बुडवलेला दोरा ताणून काकांनी सरळ रेघ मारली. रेघेच्या वर मोरपंखी, खाली उघडं प्लास्टर.

मग त्यांनी कोठीतून चुना काढला, पिंपात भिजवला, गाळला आणि खालच्या पट्ट्याला हात मारायला बसले. हे काम त्यांना डोळे मिटूनही येत होतं. कोंबड्यांना तोवर टोपल्यांखाली कोंडलं, कारण ओल्या चुन्यानं चोच भाजते. टोपल्यांखालून जे काही शिव्याशाप चालले होते, ते काकांनी निमूट ऐकून घेतले. पट्टा चांगला कडकडीत सुकेपर्यंत, पुढे कितीतरी दिवस, काकूंनी त्यांना दुसऱ्या बाजूला जाळी लावून अडवलं आणि डॉक्टरीणबाईंनी दिलेलं औषध पाण्यातून पाजून तेवढे दिवस भागवले.

ज्या सकाळी जाळी काढली, त्याच सकाळी दारात रिक्षा थांबली आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला मिस्त्री उतरला.

परसदारी तो आला तेव्हा सगळ्या कोंबड्या भिंतीला तोंड लावून ओळीनं उभ्या होत्या आणि टकटक, टकटक असा आवाज चालला होता. पांढरी भुकटी उडत होती. मिस्त्रीनं बराच वेळ बघितलं.

"भिंत खातायत तुझी."

"खालची," काका म्हणाले. "खालची त्यांची. तू वरची बघ."

मिस्त्री कोंबड्या पायानं बाजूला सारत भिंतीजवळ गेला. समोरून बघितलं. मग कडेनं, एक डोळा मिटून. बोटाचं मागचं पेर रंगावरून फिरवलं. काका लिंबाच्या झाडाला धरून उभे होते. काकू दारात होत्या. काकांना एवढं घाबरलेलं त्यांनी लग्नातही पाहिलं नव्हतं. मिस्त्री वाकला, नाक भिंतीला लागेपर्यंत पुढे झाला आणि थांबला.

"हा बघ. ब्रशचा केस राहिलाय."

"केस?" काका झाड सोडून धावले. "कुठाय केस? शक्यच नाही."

"हा काय. चांगला जाडजूड."

काकांनी चष्मा लावला. दोन्ही म्हाताऱ्यांची नाकं भिंतीला टेकली. मधून मावशी मान घालून दोघं काय खातायत ते बघून गेली.

"अरे, हा केस नाही, पीस आहे!" काका ओरडले. "करडं पीस! हे बघ, कडेनं फुटलंय. मावशीचं आहे!"

"पीस असो नाहीतर केस. ओल्या रंगाशी कोंबडी जाऊ दिलीस कशाला?"

"ती विचारून जाते का?"

"म्हणजे हातातला दोष नाही म्हणतोस."

"हातातला नाही! कोंबडीतला आहे!"

मिस्त्री पुन्हा मागे गेला. पुन्हा कडेनं बघितलं. खिशातून रुमाल काढून बोट पुसलं. त्याच्या घशात काहीतरी तयार व्हायला लागलं, आणि काकांना वाटलं की आता आलंच ते "हं".

"पीस सोडलं," मिस्त्री म्हणाला, "तर बरं आहे."

एवढं बोलून तो, रिक्षा थांबलीय म्हणाला, चहा नको म्हणाला, आणि गुडघा धरत निघूनही गेला. जाताना काकूंनी त्याच्या हातात अंडी दिली. त्यातलं एक अजून जरा कागदीच होतं. ते त्याच्या बोटांत दबलं तेव्हा तो "हं, हं" म्हणाला.

काका घरात गेले, विनाकारण तोंड धुतलं आणि टॉवेल तोंडाला लावून बराच वेळ उभे राहिले.

"काय म्हणाला?" काकूंनी विचारलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बरं आहे म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच?" काकांनी टॉवेल खाली घेतला. "अगं, त्यानं स्वतःच्या बायकोला लग्नात पाहिलं तेव्हाही बरं आहे म्हटलं नव्हतं! मी होतो तिथं. हं म्हणाला होता."

काकू हसल्या नाहीत, पण त्यांनी चहा ठेवला, आणि कधी नव्हे ती साखर न विचारता जास्त घातली. मग खिडकीतून परसात डोकावून म्हणाल्या, "चहा घ्या आणि ब्रश काढा, पेंटरसाहेब. पोरींनी कोपरा पार विटेपर्यंत नेलाय."

"आत्ताच तर सोडल्या!" काका म्हणाले, आणि कप हातात घेऊनच बाहेर धावले.